डोकं दुखलं तर कळवा

माझी मुलगी चौथीत होती तेव्हा शाळेतून घरी येताना वाटेत तीनदा बसायची. मांडी घालून नव्हे, उकिडवी. गुडघे छातीशी घट्ट धरायची, दप्तर पाठीवर तसंच. एकदा शाळेच्या फाटकापाशी, एकदा पिठाच्या गिरणीसमोर आणि एकदा आमच्या गल्लीच्या तोंडाशी. दोन-तीन मिनिटांत ओठांचा जांभळेपणा थोडा उतरायचा, मग ती उठून चालू लागायची. देऊळगाव राजात आम्ही राहतो त्या भागात हे सगळ्यांच्या सवयीचं झालं होतं. गिरणीवाल्यांनी एकदा तिच्यासाठी रिकामं पोतं अंथरलं, तर म्हणाली, "मी थकले नाही काका, मी नुसती बसते."

असं बसायला तिला कोणी शिकवलं नव्हतं. हृदयाचे डॉक्टर म्हणाले होते, ही मुलं आपलं आपण शिकतात. तसं बसलं की फुफ्फुसांकडे जरा जास्त रक्त जातं.

ती आठ महिन्यांची असताना आम्हाला कळलं. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र होतं आणि फुफ्फुसांकडे जाणारी वाट अरुंद होती. त्यामुळे शरीरातून परत आलेलं काही निळं रक्त फुफ्फुसांत न जाता थेट पुन्हा शरीरात फिरायचं. तेव्हा एक छोटी शस्त्रक्रिया झाली, तात्पुरती. मोठी पुढे करायची होती. ती पुढे जात राहिली. आधी वजन कमी भरलं, मग करोना आला, मग आम्हीच. चौथीची वार्षिक परीक्षा होऊन जाऊ दे, उन्हाळ्यात करू, असं मी म्हणाले. मी गणिताची शिक्षिका. परीक्षेचं महत्त्व मला फार कळत होतं.

डॉक्टर संभाजीनगरला बसायचे. दर सहा महिन्यांनी आम्ही जालन्यामार्गे बसने जायचो. तपासून झालं की उठता उठता ते दरवेळी दोन गोष्टी सांगायचे. दात सांभाळा, आणि डोकं दुखलं तर मला कळवा. एकदा मी विचारलं, हृदयाचा आणि डोक्याचा काय संबंध? त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. आपल्या सगळ्यांच्याच रक्तात अधूनमधून जंतू शिरतात. दातांतून, हिरड्यांतून, कानातून. फुफ्फुसं म्हणजे चाळणी. रक्त तिथून जातं, तेव्हा बरेचसे जंतू तिथेच अडकतात. हिच्या शरीरात काही रक्त त्या चाळणीतून जातच नाही. जंतू सरळ मेंदूपर्यंत पोचू शकतात. त्यात हिचं रक्त घट्ट, संथ वाहणारं. एखादा जंतू तिथे रुजला तर पू होतो.

"होईलच असं नाही," ते म्हणाले. "पण तुम्हाला माहीत असायला हवं."

मी ती दोन वाक्यं फाईलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली. आता वाटतं, लिहून ठेवल्यामुळेच ती डोक्यातून उतरली. आमचं सगळं लक्ष तिच्या छातीवर होतं. रात्री मी तिच्या बरगड्यांची हालचाल बघायचे, नखं उजेडात धरून बघायचे. तोंड उघडायला लावून दात बघितले असं मला आठवत नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात तिची खालची दाढ दुखायला लागली. दुधाची दाढ, पार पोखरलेली. गावातल्या दंतवैद्यांनी फाईल पाहिली आणि ती तशीच मिटून परत दिली. म्हणाले, हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा, आधी औषधं द्यावी लागतील, मगच हात लावतो. बरोबरच होतं त्यांचं. आम्ही चिठ्ठी आणणार होतो. दिवाळीनंतर तपासणीची तारीख होतीच, तेव्हाच मागू असं ठरवलं. मधल्या काळात लवंग ठेवली, दुखायचं थांबलं. दुधाचीच दाढ, पडेल आपोआप, असं मी नवऱ्याला म्हणाले. तेही हो म्हणाले.

दिवाळीला आम्ही उंद्रीला गेलो. नवऱ्याचं मूळ घर तिथलं. थोरले दीर आणि जाऊबाई शेती करतात. नवरा कोर्टात लिपिक. भाऊबीज झाली तसे ते देऊळगावला परतले. मला शाळेची सुट्टी होती म्हणून मी आणि मुलगी मागे राहिलो.

इथे जाऊबाईंविषयी सांगायला हवं. आमचं बोलणं कामापुरतं होतं. मुलीच्या आजाराचं कळलं, त्यानंतर त्या आम्हाला भेटायला आल्या होत्या. बाळाची नखं हातात धरून त्यांनी पाहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे लेकरू काही राहत नाही. जीव जास्त लावू नको." आठ महिन्यांच्या पोरीच्या तोंडावर. मी ते विसरले नव्हते. नऊ वर्षं मी त्यांच्या घरी जेवले, त्यांच्याबरोबर पापड लाटले, पण माझ्या मुलीला त्यांच्या मांडीवर बसू दिलं नाही. ती मात्र त्यांना मोठी आई म्हणत त्यांच्यामागे गोठ्यात फिरायची.

भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी सकाळी तिचं डोकं दुखलं. उलटी झाली. अंग थोडं कोमट लागत होतं. आदल्या दिवशी ती शेतात गेली होती, म्हणून सगळे म्हणाले ऊन बाधलं. कोणी म्हणालं, फराळाचं तळकट, पित्त झालं. मी गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या, पाणी भरपूर पाजा म्हणाले. दुपारी ती बरी झाली, खेळली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा डोकं, पुन्हा उलटी, आणि दुपारी पुन्हा बरी. तिसऱ्या दिवशीही तेच. फाईल देऊळगावला कपाटात होती. ती जवळ असती तर मला आठवलं असतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे आठवत होतं. पण कळवलं तर तपासण्या, धावपळ, कदाचित उगाचच. मी एक दिवस आणखी थांबले.

चौथ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास आम्ही तिघी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. मी सुपात बघत होते. जाऊबाईंचे हात एकदम थांबले.

"तिचा डावा हात काऊन बसून राह्यला?" त्या म्हणाल्या.

मी पाहिलं. मुलगी उजव्या हाताने शेंग उचलत होती, दातांनी फोडत होती आणि दाणे उजव्याच हाताने सुपात टाकत होती. डावा हात मांडीवर पडला होता, तळवा वर करून.

"मस्ती करते आहे," मी म्हणाले.

"मस्ती नाही व. मी कालपासून पाहून राह्यली. काल पाण्याचा तांब्या तिच्या हातून दोनदा पडला. बाई, इकडं पाह्य. डाव्या हातानं ही शेंग घे बरं."

मुलीने हात पुढे केला. बोटं शेंगेपर्यंत पोचली, तिच्यावर टेकली आणि मिटलीच नाहीत. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. त्या हसण्यात ओठांची डावी कड तशीच राहिली.

मी फोन लावला. डॉक्टर शस्त्रक्रियेत होते, त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरीण बोलल्या. मी जेमतेम दोन वाक्यं सांगितली असतील. त्यांनी मध्येच विचारलं, "किती दिवस डोकं दुखतंय?"

"चार."

त्या म्हणाल्या, "लगेच निघा. तोंडाने काही देऊ नका. वाटेत फिट आली तर कुशीवर वळवा आणि जवळच्या मोठ्या दवाखान्यात थांबा. मी इथे मेंदूच्या सर्जनना सांगून ठेवते."

दिरांनी गाडी काढली. मी पुढे बसायला लागले तर जाऊबाई आधीच मागे चढल्या होत्या, घरातल्याच साडीवर, हाताला मातीचे डाग तसेच. "तू बी मागंच ये," म्हणाल्या. "तिचं डोकं माह्या मांडीवर राहू दे, तू पाय धर." मी मागे चढले आणि तिचे पाय मांडीवर घेतले.

चिखली मागे पडली. मुलगी झोपेत असल्यासारखी होती. मी हाक मारली की हूं म्हणायची. देऊळगाव मही जवळ आलं आणि तिचा डावा हात झटके देऊ लागला. मग तोंड एका बाजूला ओढलं गेलं, डोळे फिरले, सगळं अंग ताठ झालं. ओठ मी कधी पाहिले नव्हते इतके काळे झाले. दिरांनी गाडी बाजूला घेतली आणि पायातली चप्पल काढून हुंगवायला पुढे केली. आमच्याकडे सगळे तेच करतात.

"राहू द्या ते," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी तिला कुशीवर वळवलं, पदराने तोंडातला फेस पुसला. "डॉक्टरीणबाईनं फोनवर कुशीवर म्हणलं. तुम्ही गाडी चालवा."

मला त्या वेळी फक्त एवढंच सुचत होतं की तिच्या पायात एकच मोजा आहे.

देऊळगाव राजाच्या स्टँडवर नवरा फाईल घेऊन उभे होते. जालन्याच्या दवाखान्यात झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि तिथून रुग्णवाहिकेने पुढे पाठवलं. आत एकालाच बसू देत होते. नवऱ्यांनी मला बसवलं, ते पुढे चालकाशेजारी बसले.

स्कॅनचं चित्र सर्जननी पडद्यावर दाखवलं. मेंदूच्या उजव्या बाजूला एक गोल, कडेने पांढरं कडं, आत काळपट. "पू आहे," ते म्हणाले. "लिंबाएवढी पिशवी समजा. ती दाबते आहे म्हणून डावा हात गेला. कवटीला छोटं छिद्र पाडून सुईने ओढून घ्यावं लागेल. ते आमच्या दृष्टीने अवघड नाही. अवघड आहे ती भूल, तिच्या हृदयामुळे." मग फाईल चाळत त्यांनी विचारलं, "कान वाहतो का? कुठे जखम? दात?"

नवरा माझ्याकडे बघू लागले. ते सांगणार नव्हते, मला कळलं.

"खालची दाढ किडली आहे," मी म्हणाले. "पावसाळ्यापासून. मला माहीत होतं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, तरी मी राहू दिली."

मला वाटलं ते रागावतील. मला ते हवंही होतं. ते लिहीत राहिले. "सांगितलंत ते बरं केलंत," म्हणाले. "जंतू तोंडातले असतील असं धरून औषध सुरू करतो. पुढे दाढही काढू. पण बाई, दाढच असेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. अशा मुलांमध्ये कित्येकदा कारण सापडतच नाही."

हे वाक्य त्यांनी माझ्या समाधानासाठी म्हटलं की ते तसंच होतं, मला माहीत नाही. पुढे हृदयाच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तरी मला वाटतं ती दाढच. आईला कारण लागतं, मग ते स्वतःवर येत असलं तरी चालतं.

शस्त्रक्रिया दुपारी सुरू झाली. सह्या नवऱ्यांनी केल्या. तोवर दीर-जाऊ त्यांच्या गाडीने येऊन पोचले. आम्ही एका लांब बाकावर बसलो. जाऊबाईंच्या साडीवर फेसाचे वाळलेले डाग होते. दीर आणि नवरा रक्ताच्या सोयीसाठी गेले, आम्ही दोघीच राहिलो.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "मी तवा बोलली होती, लेकरू राहत नाही म्हणून. ते तू धरून ठेवलं. मले माहीत हाये."

त्याच पुढे सांगू लागल्या.

"तुले कोणी सांगितलं नसन. तुह्या लग्नाच्या लई आधीची गोठ. माहा पहिला पोरगा तीन महिन्यांचा गेला. रडला का निळा पडायचा. नखं अशीच. कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे माह्या दुधात खोट हाये. दवाखान्यात नेलं तवा तो गाडीतच..." त्यांनी साडीवरचा वाळलेला डाग नखाने खरवडला. "तुही पोरगी पाहिली आन् मले तेच दिसलं. मले वाटलं, हिनं जीव लावला तर ही मरन. मले वाचवाचं होतं तुले. पण बोलता नाही आलं नीट."

दहाहून जास्त वर्षं मी त्या घराची सून होते. कोणी मला हे सांगितलं नव्हतं. त्या मुलाचा एक फोटोही घरात नव्हता.

"म्हणून मी तिच्याकडं पाहत राहतो," त्या म्हणाल्या. "ती अंगणात आली का पहिलं नखं पाहतो. मंग हात, पाय, चाल. तुले राग येते म्हणून दुरून पाहतो."

मी त्यांचा हात धरला असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी उठून पाणी आणलं, त्यांना दिलं, आणि त्या प्यायल्यावर उरलेलं मी प्यायले. आमच्यात ते पहिल्यांदाच झालं.

पू निघाला. भूल सोसली. दुसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले आणि विचारलं, "माझे केस कुठे गेले?" उजव्या बाजूचे केस कापले होते. मी रडले ते तेव्हा.

पुढे सहा आठवडे शिरेतून औषध. मधे पू पुन्हा साचला, पुन्हा एकदा सुई घातली. दवाखान्यातच भूल देऊन, आधी-नंतर औषधं देऊन ती दाढ आणि तिच्याशेजारची आणखी एक काढली. शाळेने मला रजा दिली. जाऊबाई पहिले पंधरा दिवस राहिल्या. कापूस वेचणीला आला होता, दीर फोनवर चिडायचे. "पऱ्हाटी कुठं पळून नाही जात," त्या सांगायच्या. मी अंघोळीला गेले की त्या तिच्याजवळ, त्या जेवायला गेल्या की मी. पाळी लावल्यासारख्या आम्ही तिची नखं पाहायचो.

डाव्या हाताला वेळ लागला. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी रबरी चेंडू दिला होता, तिला त्याचा कंटाळा आला. घरी आल्यावर मी रोज संध्याकाळी कणीक भिजवून तिच्यापुढे ठेवायचे. डाव्या हाताने मळ. सुरुवातीला पिठात नुसती बोटं रुतायची. दोन महिन्यांनी एक पोळी तिच्या कणकेची झाली, दगडासारखी. नवऱ्यांनी ती वरणात बुडवून खाल्ली आणि दुसरी मागितली.

हृदयाची मोठी शस्त्रक्रिया पुढच्या वर्षी झाली. या वेळी आम्ही तारीख पुढे ढकलली नाही. पाचवीची सहामाही परीक्षा बुडाली, बुडू दिली. अतिदक्षता विभागात मला पहिल्यांदा आत सोडलं, तेव्हा मी पलंगाचा नंबर पुन्हा वाचला. मुलीचे ओठ गुलाबी होते. दहा-अकरा वर्षांत तिचा खरा रंग मी पाहिलाच नव्हता. मला वाटलं, मला दुसऱ्याच कोणाच्या मुलीपाशी आणलं.

आता ती आठवीत आहे. डाव्या हाताने वेणीचा पेड नीट धरता येत नाही, म्हणून केस खांद्यापर्यंत ठेवते. फिट्सची गोळी दोन वर्षांनी बंद झाली. दात मात्र अजूनही सांभाळायचे आहेत. दर सहा महिन्यांनी दंतवैद्य, आणि दाताला हात लावण्याआधी औषध घ्यायचं की नाही ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. ते मी आता फाईलमध्ये लिहून ठेवत नाही. तिच्याकडूनच पाठ करून घेतलं आहे.

मी शाळेत पालकसभेला दातांविषयी बोलते, तेव्हा काही पालक हसतात. गणिताच्या बाईंना दातांचं काय पडलं आहे, असं त्यांना वाटत असणार. आमच्या शाळेत पाचवीला एक मुलगा आहे, हृदयात छिद्र असलेला. त्याचं ऑपरेशन लहानपणीच झालं आणि तो आता ठीक आहे. तरी त्याच्या आईला बाजूला घेऊन मी विचारलं, तुमच्या डॉक्टरांनी दातांचं काही सांगितलं आहे का? ती घाबरली. मला वाईट वाटलं. घाबरवू नये आणि गप्पही राहू नये, हे कसं करायचं ते मला अजून नीट जमत नाही. मी एवढंच म्हणाले, पुढच्या वेळी त्यांना विचारा, कदाचित तुमच्या मुलाला काहीच लागणार नाही. पण विचारा.

गेल्या महिन्यात मुलीचं डोकं दुखलं. संध्याकाळी, क्रिकेट खेळून आल्यावर. मी तिला दिव्याखाली बसवलं, ताप पाहिला, हसायला लावलं, दोन्ही हातांनी माझी बोटं दाबायला लावली, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. उंद्रीला फोन लावून जाऊबाईंनाही सांगितलं. त्यांनी व्हिडिओवर तिला चालायला लावलं. मग मी डॉक्टरांना कळवलं. उलटी नाही, ताप नाही, हातही ठीक आहे, तर झोपू द्या, सकाळी पुन्हा कळवा, असं ते म्हणाले.

मुलगी हे सगळं शांतपणे करत होती. शेवटी म्हणाली, "आई, कधीतरी माझं डोकं नुसतंच दुखू दे ना."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. तिचं बरोबर होतं. पण मी तिला म्हणाले, "दुखू दे. पण मला सांगत जा."

"सांगितलंच ना," ती म्हणाली, आणि भाकरी वाढून घ्यायला स्वयंपाकघरात गेली.